पेडल जवळजवळ असलेल्या गाडीत बूट कुठले घालायचे

प्रश्न काय आलाय ते आधी थोडक्यात सांगतो. आईची जुनी मारुती ८०० आता मुलगा चालवतो, रोज डिचोली ते पणजी, पायाचा नंबर १० आणि पंजा रुंद. दोन महिन्यांपूर्वी जाड सोलचे नवीन स्पोर्ट्स शूज घेतले आणि तेव्हापासून ब्रेक मारताना कधीकधी ॲक्सिलेटर पण सोबत दाबला जातो, क्लचच्या डाव्या बाजूला पाय टेकायला जागा नाही, संध्याकाळपर्यंत नडगी भरून येते. मामा सांगतात अनवाणी चालव, मित्र म्हणतो क्रॉक्स घे, दुकानदाराने अजून मऊ गादीचा बूट पुढे केला. तर आरामाचा बूट कुठला, असं त्या मुलानेच विचारलंय.

मी फोंड्याला २२ वर्षं गाडी शिकवतोय, त्याच्या आधी मडगावला टॅक्सी चालवायचो, त्यामुळे लोकांचे पाय आणि पेडल हेच दिवसभर बघत आलोय. सगळ्यात आधी एक करा, ते बूट आजपासून त्या गाडीत घालू नका. नवीन मिळेपर्यंत घरात जे जुने पातळ सोलचे असतील ते घाला, कॉलेजच्या वेळचे कॅनव्हास असोत नाहीतर ऑफिसचे साधे लेदरचे. नडगी दुखते ते सवडीने बघता येईल पण ब्रेकसोबत ॲक्सिलेटर दाबला जाणं हे सवडीने बघायचं नाही. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे पाय अडकला, तुम्ही गोंधळलात आणि अर्धाच सेकंद गेला तरी आठ मीटर गेले, तुमच्या गाडीसारख्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी जागा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई शिकायला यायच्या, शाळेत शिक्षिका, चाळिशीच्या, हात चांगला बसलेला. त्या दिवशी रायबंदरला फेरीबोटीत गाडी घालायची प्रॅक्टिस होती. सकाळी चालायला जाण्यासाठी घेतलेले नवेकोरे गादीचे बूट तसेच पायात घालून आल्या होत्या आणि माझं लक्ष गेलं नाही. उतारावर गाडी हळूहळू बोटीकडे सोडायची, खलाशी हात दाखवतो तिथे थांबायचं. त्यांनी ब्रेक मारला, बरोबर वेळेला मारला, पण इंजिन एकदम ओरडलं आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे ओढ घेत राहिली. त्यांनी घाबरून अजून जोरात दाबला, इंजिन अजून ओरडलं. माझ्या बाजूला ड्युअल कंट्रोलचा ब्रेक होता तो मी पूर्ण दाबला, चावी फिरवली, गाडी थांबली. पुढचं चाक आणि बोटीचा लोखंडी पत्रा यात दोन हातांचं अंतर उरलं होतं. नंतर खाली वाकून टॉर्चने बघितलं तर ॲक्सिलेटरच्या डाव्या कडेला पांढरट घासलेली रेघ, आणि बाईंच्या उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेला, जिथे करंगळीच्या खाली पांढरा फोम बाहेर आलेला असतो तिथे, बोटभर लांब काळी खाच. म्हणजे हे त्या दिवशीच पहिल्यांदा झालं नव्हतं, थोडं थोडं आधीपासून होत होतं, फक्त सपाट रस्त्यावर कळलं नव्हतं. तुमच्या उजव्या बुटाची बाहेरची कड आत्ता बघा, तिथे काळा डाग असणार.

आता हे होतं का, ते समजून घ्या म्हणजे दुकानात कुणी काही सांगितलं तरी फसणार नाही. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, आणि छोट्या गाडीत पुढच्या उजव्या चाकाची कमान ड्रायव्हरच्या पायाजवळ आत आलेली असते. त्या कमानीमुळे ॲक्सिलेटर डावीकडे सरकतो, तो सरकला की ब्रेक सरकतो, ब्रेक सरकला की क्लच मधल्या उंचवट्याला जाऊन चिकटतो. म्हणून तुमच्या डाव्या पायाला टेकायला जागा उरत नाही आणि उजवीकडे दोन पेडलमध्ये फट कमी. ८०० मध्ये आहे, जुन्या अल्टोत आहे, ओम्नीत तर आपण पुढच्या चाकाच्या वरच बसतो त्यामुळे पाय ठेवायचा सगळा कारभारच वेगळा. गाडी बिघडलेली नाही, तिची ठेवणच तशी आहे. ८०० आली १९८३ साली, त्या वेळी लोक पातळ चामड्याचे बूट नाहीतर चपला घालायचे, आत्ताचा रुंद फोमचा बूट कुणाच्या डोक्यात नव्हता.

आणि बूट किती बदललेत ते पण बघा. धावायच्या बुटांचे सोल इतके जाड व्हायला लागले की वर्ल्ड ॲथलेटिक्सला, म्हणजे शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेला, २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. चार सेंटिमीटर! तो सोल जाड असल्यामुळे डुगडुगू नये म्हणून खालून पसरट करतात, वर पाय जेवढा असतो त्याच्यापेक्षा सोल दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. चालायला ते छानच आहे, मी पण सकाळी तसलेच घालून चालतो. पण दुकानात चार पावलं टाकून जो बूट आरामाचा वाटतो तो पायाच्या आतल्या बाजूने आरामाचा असतो, आणि पेडलला लागते ती बाहेरची बाजू. तुमच्यासारख्या गाडीसाठी बूट बाहेरून मोजायचा. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे, बाकीचं त्याच्यामागून येतं.

टेप घ्या आणि गाडीत खाली डोकं घालून मोजा. माझ्याकडच्या शिकवायच्या गाडीत ब्रेकचं पेडल ६ सेंटिमीटर रुंद आहे, ब्रेकची उजवी कड ते ॲक्सिलेटरची डावी कड साडेचार. तुमच्या गाडीचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, तुमचाच धरा. एका विद्यार्थ्याचा १० नंबरचा स्पोर्ट्स शू चवड्याच्या जागी खालून मोजला तर साडेअकरा सेंटिमीटर भरला, आणि त्याच पोराचा १० नंबरचाच कॅनव्हासचा बूट १०.२. नंबर एकच पण बाहेरून सव्वा सेंटिमीटरचा फरक. आता बहुतेक लोक टाच ॲक्सिलेटरच्या समोर टेकून बसतात आणि ब्रेक मारताना नुसता चवडा डावीकडे फिरवतात, त्यामुळे चवडा ब्रेकच्या मधोमध पडत नाही, उजव्या कडेवर पडतो. चवड्याचा मध्य त्या कडेवर आला तर साडेअकराच्या बुटाचा अर्धा भाग म्हणजे पावणेसहा सेंटिमीटर उजवीकडे बाहेर, आणि फट आहे साडेचार. लागणारच. कॅनव्हासचा अर्धा भाग ५.१, तो पण लागतो! म्हणजे नुसता बूट बदलून काम भागत नाही, टाच पण हलवावी लागते. टाच ब्रेकच्या समोर टेका आणि ॲक्सिलेटरसाठी बोटं उजवीकडे वळवा, चवडा ब्रेकवर दीड सेंटिमीटर जरी आत सरकला तरी कॅनव्हासला जवळजवळ ९ मिलिमीटर मोकळे मिळतात. स्पोर्ट्स शूला त्याच जागी अडीच मिलिमीटर मिळतात, तेवढ्यावर घाटात भरवसा ठेवता येत नाही.

खडूची एक टेस्ट आहे, मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याकडून करून घेतो. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, चावी खिशात. ॲक्सिलेटरच्या डाव्या कडेला शाळेचा रंगीत खडू जाड घासा. मग रोज बसता तसे बसा आणि ॲक्सिलेटरवरून ब्रेकवर पंधरा-वीस वेळा पाय न्या, काही वेळा हळू, काही वेळा समोर कुत्रा आडवा आला अशा घाईने. घाईच्या वेळी पाय वेगळा पडतो, म्हणून ते करायचंच. नंतर बूट काढून उजवी कड बघा. खडू लागलेला असेल तर तो बूट त्या गाडीत बाद. दुसरा डाग बुटाच्या नाकावर येतो का तेही बघा, म्हणजे ॲक्सिलेटरवरून पाय उचलताना बुटाचं नाक ब्रेकच्या खालच्या कडेला अडकतं का, त्यासाठी ब्रेकच्या खालच्या कडेला दुसऱ्या रंगाचा खडू लावा. नाक उंच आणि जाड असलेल्या बुटांना हे हमखास होतं.

दुकानात गाडी नेता येत नाही म्हणून पुठ्ठ्याची पट्टी न्यायची. घरात जो बूट खडूला लागत नाही त्याची चवड्याखालची रुंदी एवढी पट्टी कापा, खिशात ठेवा आणि दुकानात प्रत्येक बुटाच्या सोलखाली धरून बघा. पट्टीच्या बाहेर सोल गेला की तो बूट परत द्या, मग तो कितीही मऊ असो. दुकानदार दोन वेळा विचित्र बघेल, तिसऱ्या वेळी तोच पट्टी मागून घेतो. संध्याकाळी जा, दिवसभर बसून-उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, सकाळी फिट बसलेला बूट संध्याकाळी परतीच्या वाटेला आवळतो. आणि रुंद पंजावाले हमखास एक करतात, आवळतो म्हणून एक नंबर मोठा घेतात, ते करू नका. मोठ्या नंबरचं नाक लांब होतं, चवडा बुटात भलत्याच जागी येतो आणि सोल वाकायची जागा बोटांखाली जाते. नंबर तोच ठेवून वरचा भाग मऊ, ताणणारा बघा. कापड किंवा मऊ लेदर पंजाला जागा देतं, आणि सोल मात्र वरच्या भागाच्या सरळ रेषेत खाली कापलेला पाहिजे, बाहेर ओठासारखा आलेला नको.

जाडीचं म्हणाल तर चवड्याखाली १० ते १५ मिलिमीटर पुरे. अंगठ्याने सोल खालून जोरात दाबा आणि दुसरा हात बुटाच्या आत घाला, दाब आतल्या बोटांना कळला पाहिजे. ब्रेक किती दाबला गेला, क्लच कुठे पकडतो हे आपण पायाच्या तळव्याने ऐकतो, मधे चार बोटं फोम आला की ते ऐकू येत नाही, मग माणूस क्लच जास्त सोडतो, गाडी बंद पडते आणि तो गाडीला शिव्या घालतो. बूट चवड्यात एका हाताने वाकला पाहिजे पण पिळून दोरीसारखा व्हायला नको. टाचेची मागची कड गोल असेल तर उत्तम, कारण पाय टाचेवरच फिरतो, चौकोनी टाच मॅटमध्ये अडकत फिरते.

आता कुठला बूट. माझं पहिलं मत साध्या कॅनव्हासला, शाळेच्या पीटीला घालायचो तसला, सपाट रबरी सोलचा. स्वस्तात मिळतो, बाहेरून अरुंद, सोलमधून पेडल कळतं, धुता येतो. गादी नाही हे खरं, पण गाडीत आपण चालत नाही, वजन सीटवर असतं, गादीची गरजच नाही. दुसरं, आणि हे आपल्या गोव्यात सहज सुचण्यासारखं आहे पण कुणाला सुचत नाही, इनडोअर फुटबॉलचे फ्लॅट सोलचे बूट. ज्या पोरांनी फुटसाल खेळलंय त्यांच्या घरात एक जोडी पडलेलीच असते. चेंडू पायाला कळावा म्हणून ते अरुंद, बुटके आणि पातळ गम रबराच्या सोलचे बनवतात, आणि पेडलला पण नेमकं तेच लागतं. रुंद पंजाला ते आधी आवळतात म्हणून लेदरचे बघा, महिन्याभरात पायाचा आकार घेतात. मात्र स्टडचे, म्हणजे सोलखाली टोकं असलेले, घालून कुणी गाडीत बसू नका, मॅचवरून परत येताना दमलेली पोरं तसंच करतात, स्टड पेडलच्या कडेला अडकतो. बॅडमिंटनच्या बुटांबद्दल पण विचारतात, सोल रबरी आणि पकड चांगली, पण बाजूला उडी मारताना पाय मुरगळू नये म्हणून करंगळीच्या बाजूला सोल मुद्दाम बाहेर काढलेला असतो, आणि तुम्हाला नडतं ते तिथेच. पट्टी लावा म्हणजे कळेल.

गाडी चालवण्यासाठीच बनवलेला मोकॅसिन, म्हणजे मऊ चामड्याचा बिननाडीचा बूट, पण असतो, सोलला रबरी गोट्या आणि त्या टाचेच्या मागेपर्यंत वर चढवलेल्या. १९६३ साली इटलीत ज्यानी मोस्तिले या माणसाने ती कल्पना काढली आणि कल्पना एकदम बरोबर आहे, अरुंद, लवचिक, टाच गोल. मी एक जोडी दोन वर्षं वापरली. पण आपल्याकडे ते चार-पाच महिने कपाटातच राहतात, स्वेड लेदरवर जूनपासून बुरशी धरते, आणि ओल्या उतारावर त्या गोट्या चालताना घसरतात. ऑक्टोबर ते मे घालायचे असतील तर खुशाल घ्या. ऑफिसचे साधे लेदर बूट पण चालतात, फक्त सोल चामड्याचा गुळगुळीत असेल तर मोच्याकडून चवड्याला पातळ रबर लावून घ्या, आणि तो रबर कडेच्या आत कापायला सांगा.

चपलांचं स्पष्ट सांगतो. स्लिपर, म्हणजे दोन पट्ट्यांची रबरी सपात, गाडीत नको. मागून सुटी असते, ब्रेक मारताना पुढचं टोक पेडलच्या खाली दुमडतं आणि पाय पेडलवर उतरायच्या आधी चपलेशीच झगडतो. कायद्याचं कुणी सांगत असेल तर, २०१९ मध्ये नवीन दंड लागू झाले तेव्हा चप्पल घालून गाडी चालवली तर दंड होणार अशी अफवा फिरली होती आणि गडकरींच्या ऑफिसनेच ट्वीट करून तसा नियम नाही म्हणून सांगितलं होतं. दंड नाही म्हणून ती घालावी असं नाही, पोलीस बघत नाही तेव्हा पण ती दुमडतेच. कोल्हापुरी तर अजून वाईट, सोल कडेने बाहेर, चामडं गुळगुळीत, पावसात भिजलं की साबणासारखं. मागे पट्टा असलेली, पायाला घट्ट बसणारी सँडल चालू शकते पण तिचा सोल बहुतेक वेळा रुंद असतो. क्रॉक्स घे म्हणणाऱ्या मित्राला सांगा की रुंदी मोजून बघ, पायाभोवती चारी बाजूंनी फोम, आणि पट्टा पुढे सरकवलेला असला की टाच आत घसरते. रिकाम्या रस्त्यावर काही होणार नाही, झुआरीच्या पुलावर पुढची गाडी अचानक थांबली की होईल.

आणि मामांचं अनवाणी. मामांच्या पिढीने खूप गाडी चालवली अनवाणी आणि मी त्यांचा अनादर करत नाही, पाय पेडलला सगळ्यात जास्त कळतो तो अनवाणीच. पण घामाचा किंवा पावसाचा ओला तळवा रबरावर सरकतो, आणि पूर्ण ताकदीने ब्रेक मारायची वेळ आली तर पेडलची कड चवड्यात रुतते आणि माणूस नकळत दाब कमी करतो. तुमच्या गाडीत ब्रेकला बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणारा भाग, असेल तर तो नीट चालतो का तेही दाखवून घ्या, जुन्या गाडीत ब्रेक जड झालेला असला की अनवाणी पायाला अजून जोर लावावा लागतो. शिवाय अपघात झाला, काच फुटली, तर उतरताना पायात काही पाहिजे. अनवाणीपेक्षा पातळ सोलचा बूट कधीही बरा, जवळजवळ तेवढंच कळतं.

वेर्णा, कुंडईच्या कंपन्यांतून शिफ्ट संपवून तसेच सेफ्टी शूज घालून गाडी चालवणारे खूप आहेत, त्यांना कळकळीने सांगतो की दोन मिनिटं घालवून बूट बदला. आत स्टीलची टोपी असते, त्यामुळे नाक उंच आणि चवडा वाकत नाही, छोट्या गाडीत ते नाक ब्रेकच्या पेडलखाली अडकताना मी तीन वेळा बघितलंय.

पावसाचा विषय थोडा मोठा आहे कारण वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे आणि तुमची वाट मये, चोडण करून फेरीने असेल तर धक्क्यावरची चिकट माती रोज बुटाला लागणार. जांभ्याची लाल माती सोलच्या खाचांत बसली की सोल सपाट होतो, कितीही खोल खाचांचा असो. उलट खोल खाचांच्या ट्रेकिंग बुटात खडी अडकते आणि पेडलवर तीच टेकते. उथळ, बारीक रेघांचा सोल पटकन पुसला जातो. मी ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात काथ्याच्या पायपुसण्याचा हातभर तुकडा ठेवतो, बसताना दार उघडं ठेवून पाय बाहेर, तुकडा जमिनीवर, दोन्ही सोल घासायचे आणि मग पाय आत. त्यानंतर सोलची ओल गेली की नाही ते ब्रेकवर एकदा दाबून, घासून बघायचं, करकर आवाज आला की पकड आहे. सोल रबराचा असेल तर ओल्यात पकड राहते, हलक्या फोमचा किंवा प्लास्टिकसारखा कडक असेल तर घसरतो, दुकानात नख रुतवून बघितलं तर फरक कळतो. गमबूट घालून चालवू नका, घोटा वाकत नाही. गाडीची एक जोडी वेगळी ठेवा, बाहेरच्या चपला काढून ती घाला, आणि काढलेल्या चपला मागच्या सीटखाली पिशवीत, ड्रायव्हरच्या पायाशी कधीच नाही. पाण्याची बाटली पण नाही. जोडी भिजली तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हाची वाट बघाल तर ऑगस्टमध्ये आठवडा जाईल.

नाडीबद्दल एकदा माझ्यावर बेतलेलं आहे. टॅक्सीच्या दिवसांत करमल घाटात, रात्री, डाव्या बुटाच्या नाडीचा फास क्लचच्या पेडलच्या टोकात अडकला आणि गिअर बदलताना पाय वर येईना. वळण होतं, समोरून ट्रक होता, मी तसाच क्लच दाबून ब्रेकवर गाडी उतरवली आणि कडेला घेतली, मागे बसलेल्या कुटुंबाला काही कळलं पण नाही. तेव्हापासून नाडीचे फास मी बुटाच्या आत खोचतो, आणि नवीन घेताना वेल्क्रो किंवा इलॅस्टिकचा मिळाला तर तोच घेतो.

आता नडगी. तिचं अर्धं कारण बूट आहे, जड बूट आणि जाड सोल असला की पाऊल सतत वर ओढून धरावं लागतं आणि ते काम नडगीच्या पुढचा स्नायू करतो. बाकीचं अर्धं सीट. जुन्या ८०० च्या सीटचा फोम बसलेला असतो, माणूस खाली जातो, गुडघे वर येतात, टाच जमिनीवर टेकत नाही. खाली घट्ट उशी घाला, सरकणारी नको. क्लच पूर्ण आत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, सीट तेवढी पुढे घ्या. आणि डाव्या पायाला जागा नाही म्हणून तो क्लचवर टेकून ठेवू नका, क्लचचं बेअरिंग आणि प्लेट दोन्ही लवकर झिजतात आणि पाय पण दमतो. क्लच सोडला की पाय मागे ओढून गुडघ्याखाली सपाट ठेवायचा. डावा बूट वरून पण बुटका असेल, जिभेचा भाग फुगलेला नसेल, तर हे येणं-जाणं पेडलच्या खालून सहज होतं. बूट आणि सीट बदलून पंधरा दिवसांत नडगी थांबली नाही तर क्लचची केबल बघून घ्या, केबल सुकली की पेडल दगडासारखं होतं, आणि लोक वर्षभर पायाला तेल चोळत बसतात.

गाडीत पण दोन गोष्टी बघा. मॅटवर मॅट घातलेली असेल तर वरची काढा, दुहेरी मॅट पुढे सरकून ॲक्सिलेटरखाली जाते आणि टाच उंच होते. मॅटला टाचेच्या जागी भोक पडलं असेल तर तिथे टाच अडकते, ती मॅट बदला. ब्रेक-क्लचचे रबर गुळगुळीत झाले असतील तर नवीन घाला, अगदी थोड्या पैशांचं काम आहे. पण बाजारात चकचकीत ॲल्युमिनियमची पेडल कव्हर मिळतात ती लावू नका, पेडल रुंद होतं म्हणजे आहे ती फट अजून कमी, आणि ओल्या सोलला ती घसरतात. कुणी पेडल कापून, वाकवून जागा करून देतो म्हणाला तर त्याला गाडीला हातसुद्धा लावू देऊ नका.

एक वेगळं सांगतो, तुमच्यासाठी नसेल पण घरात कुणासाठी असू शकेल. आई अजून अधूनमधून गाडी चालवत असतील आणि त्यांना शुगर असेल तर तळव्याला स्पर्श नीट कळतो का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू कमी होते आणि माणसाला स्वतःला ते लक्षात येत नाही, मग कुठलाही बूट घातला तरी पेडल कळत नाही. माझ्याकडे परत सराव करायला आलेल्या एका काकांचं असंच निघालं, त्यांना ब्रेकवर पाय आहे की बाजूला आहे हे खाली बघितल्याशिवाय सांगता येईना. मी फी परत केली आणि आधी दवाखान्यात पाठवलं.

तर या रविवारी गाडीत बसा, चावी खिशात, खडू घासा आणि घरातले सगळे बूट एकेक करून घालून बघा. जो लागत नाही त्याची रुंदी मोजून पट्टी कापा आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाणार असाल तर घेऊन जा, कॅनव्हासचे तिथे बघायला मिळतील. फुटसालचे मात्र खेळाच्या दुकानातच बघा. रुंदी किती भरली आणि ब्रेक-ॲक्सिलेटरमधली फट किती निघाली हे दोन आकडे मला कळवा, १० नंबरच्या रुंद पंजाला त्या फटीत काय बसेल ते मग नक्की सांगता येईल.